तार सप्तकात फुंक ‘बारीक’ करायची म्हणजे नेमकं काय?

बासरी शिकणारा तार सप्तकाकडे निघाला की त्याला हमखास एक सूचना मिळते: ‘फुंक बारीक कर, जोर लावू नकोस.’ आणि तो नेमका जोर लावतो. स्वर लागतो, पण चढा लागतो. फुंकेची खरखर ऐकू येते, थोड्या वेळात डोकं गरगरायला लागतं. सूचना अगदी बरोबर आहे. पण संशोधनाच्या वाटेवर असाल तर ‘बारीक’ हा शब्द तुम्हाला मोजता येईल अशा भाषेत मांडता यायला हवा.

मध्य सा आणि तार सा यांना बोटं तीच, तीन छिद्रं बंद. बदलते ती फक्त फुंक. ओठांतून निघालेली हवेची पातळ पट्टी, म्हणजे जेट, मुखछिद्रावरून जाऊन समोरच्या कडेवर आदळते. नळीतली हवा कंप पावत असल्यामुळे ही पट्टी कडेच्या कधी आत, कधी बाहेर झुकते. हा झोका ओठांपाशी सुरू होतो आणि जेटच्या साधारण निम्म्या वेगाने कडेपर्यंत पोचतो. स्वर टिकायचा तर हा प्रवास ढोबळमानाने अर्ध्या कंपनकाळात उरकला पाहिजे. सगळी गोम इथे आहे.

पांढरी तीनची बासरी घ्या. मध्य सा सुमारे ३३० हर्ट्झ, म्हणजे एक कंपन ३ मिलिसेकंदांचं. झोक्याला मिळतात १.५ मिलिसेकंद. ओठ ते कड हे अंतर ८ मिलिमीटर धरलं, तर जेटचा वेग सेकंदाला साधारण १०.५ मीटर हवा. तार सा ला वेळ निम्मा. अंतर तेच ठेवलं तर वेग दुप्पट लागतो, आणि दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो चौपट! पण ओठ किंचित पुढे आणून अंतर ६ मिलिमीटर केलं, तर वेग दीडपट पुरतो आणि दाब सव्वादोन पट. डोकं गरगरणं आणि न गरगरणं यातला फरक हाच असावा, असं मला वाटतं.

शिवाय ओठांनी मुखछिद्र जास्त झाकलं की स्वर उतरतो, जोराने फुंकलं की चढतो. ओठ पुढे आणणारा वादक दोन्ही एकमेकांवर तोलत असतो. नुसता जोर लावणाऱ्याकडे तोलायला काही नसतं, म्हणून त्याचा सा चढा.

ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल फ्लेचर यांनी १९७० च्या दशकात पाश्चात्त्य फ्लूटवर अनुभवी वादकांची अशी मोजमापं घेतली होती. वाद्य वेगळं, पण ओठ-जेट-कड हे तत्त्व एकच. स्वर उंच जाईल तसा वादक दाब वाढवतात आणि ओठ कडेजवळ नेतात, हे त्यात दिसलं. त्याहून मजेशीर गोष्ट म्हणजे, आवाज लहानमोठा करताना ते दाबाला फारसा हात लावत नाहीत. ओठांमधली फट लहानमोठी करतात. ‘बारीक’चा अर्थ इथे सापडतो: कमी दाब नव्हे, लहान फट.

हे घरी तपासायला महागडं यंत्र लागत नाही. पारदर्शक प्लास्टिकची बारीक नळी ‘यू’ आकारात वाकवून फळीवर बसवा, निम्मी पाण्याने भरा, एक टोक तोंडाच्या कोपऱ्यात धरून वाजवा. दोन्ही बाजूंच्या पातळीत १ सेंटिमीटर फरक म्हणजे सुमारे ९८ पास्कल. वरच्या हिशेबाने मध्य सा ला साधारण ०.७ सेंटिमीटर दिसायला हवा. तार सा ला, ओठ न हलवता २.७ च्या आसपास आणि पुढे आणून दीडच्या आसपास. साध्या पट्टीवर हा फरक वाचता येतो. नळीमुळे ओठांची ठेवण थोडी बिघडते, म्हणून एकेक स्वर पाच-सहा वेळा घ्या, आणि शेजारी फोनवर ट्यूनर चालू ठेवा. दाब उतरला पण सा ही उतरला, तर ते वाचन वहीत वेगळ्या रकान्यात जाईल.