कॅमेरा महागडा घेतलात, पण रात्री चेहरा दिसतो का?

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचं मसाल्याचं छोटं युनिट आहे. मागच्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या शेडबाहेरून तेलाचे डबे गेले. कॅमेरा चालू होता, रेकॉर्डिंगही झालं होतं. पण त्यात दिसला नुसता एक पांढुरका आकार. चेहरा नाही, शर्टाचा रंग नाही, काही नाही. ताई म्हणाल्या, "सर, आता आठ मेगापिक्सेलचाच घेते." मी म्हटलं, "थांबा ताई, आधी तिथे उजेड किती आहे ते बघू."

हे नीट समजून घ्या. उजेड कमी पडला की कॅमेऱ्यापुढे दोनच मार्ग असतात. एक, शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. पण साधं चालणारा माणूसही १/१२ सेकंदात सुमारे १० सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे चेहरा फराटला. दुसरा, सिग्नल वाढवायचा. मग चित्रावर मुंग्या दिसतात. या मुंग्या रेकॉर्डिंगला हालचालीसारख्याच वाटतात, त्यामुळे बऱ्याचदा हार्ड डिस्कही लवकर भरते. आणि सेन्सर तेवढाच ठेवून मेगापिक्सेल वाढवले, तर एकेका पिक्सेलच्या वाट्याला उजेड आणखी कमी येतो. म्हणून महागडा कॅमेरा अंधारात कधी कधी उलट वाईट दिसतो.

मग करायचं काय?

पहिलं, दिवा कॅमेऱ्याच्या बाजूने लावा. माणसाच्या पाठीमागे दिवा असला की चेहरा काळा पडतो. कॅमेऱ्याच्या चौकटीत दिवा दिसताच कामा नये.

दुसरं, अंतर मोजा. दिव्यापासूनचं अंतर ५ मीटरचं १० झालं, तर उजेड निम्मा नाही, पाव होतो. म्हणून भिंतीवर एक मोठा फ्लड लाइट लावण्यापेक्षा गेटजवळ दोन छोटे दिवे बरे. बाहेरच्या फिटिंगला आयपी ६५ रेटिंग बघूनच घ्या.

तिसरं, कॅमेऱ्यातल्या इन्फ्रारेडवर सगळी भिस्त ठेवू नका. त्यात चित्र ब्लॅक अँड व्हाइट येतं, कपड्यांचा आणि गाडीचा रंग कळत नाही. लेन्ससमोर कोळ्याचं जाळं असेल किंवा बाजूला पांढरी भिंत असेल, तर तो प्रकाश तिथूनच परत येतो आणि मागचा माणूस अंधारात जातो. दिव्याला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो. म्हणून दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन फूट लांब ठेवा आणि महिन्यातून एकदा काच पुसा.

चौथं, सेटिंग. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, कॅमेऱ्यातही ५० हर्ट्झच निवडा, नाहीतर दिव्याखाली चित्र लुकलुकू शकतं. पुरेसा उजेड झाला की शटर १/५० किंवा १/१०० वर लॉक करा.

ताईंनी नवीन कॅमेरा घेतलाच नाही. गेटमागचा हॅलोजन काढला, कॅमेऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर दोन एलईडी लावले, जाळी झाडली. आता त्याच जुन्या कॅमेऱ्यात रात्रीसुद्धा गेटमधून येणाऱ्या कामगाराचा चेहरा ओळखता येतो.

तुम्ही नवीन फिटिंग करून घेणार असाल, तर एक अट आधीच ठरवा. उरलेलं पेमेंट रात्रीच्या टेस्टनंतर. रात्री अकराला कुणाला तरी गेटपासून दारापर्यंत नेहमीच्या चालीने चालायला सांगा. लाइव्ह बघू नका, रेकॉर्डिंग उघडा आणि मध्येच थांबवा. चेहरा ओळखू आला, तर पैसे द्या. नाही आला, तर कॅमेरा बदलायच्या आधी दिव्याची जागा बदलून बघा.