पहाटे मासे वर का येतात?



भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे जुने मालगुजारी तलाव आहेत. एकाच तलावावर खालच्या बांध्यांतला धान भिजतो, जनावरं पाणी पितात आणि ढीवर बांधवांचं पोट चालतं. अशा तलावावर उन्हाळ्याच्या अखेरीस कधी कधी मोठा घात होतो. रात्री वळवाची सर येऊन जाते. पहाटे पाळीवर जाऊन बघावं, तर कटला, रोहू तोंड वर काढून हवा गिळताहेत आणि काठाला मेलेली मासळी लागलेली! मग 'कुणीतरी विष टाकलं' म्हणून गावात तंटा सुरू होतो.

तंट्याआधी पाण्याकडे नीट बघा. मरळ आणि मागूर हे मासे वरची हवाही घेऊ शकतात. ते धडधाकट असतील आणि कटला, रोहूच पहाटे मेले असतील, तर पाण्यातला प्राणवायू संपला असं समजावं. बेडूक, पाणकिडे, मरळ सगळेच मेले असतील, तर मात्र विषाची शंका घ्यावी. त्या पाण्यावर जनावरं नेऊ नयेत आणि मत्स्यव्यवसाय खात्याला लगेच कळवावं. कारण काहीही असो, मेलेली मासळी खाऊ नये, विकू नये.

आता प्राणवायू संपतो कसा ते पाहू. पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं. पण रात्री तेही माशांसारखंच प्राणवायू खर्च करतं. म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. शेवाळ जितकं दाट, तितका रात्रीचा खर्च जास्त. आभाळ भरलेलं असेल तर दिवसाची कमाईही घटते. त्यातच पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसातच. शिवाय खोल भागात तळाचं पाणी थंड आणि जड राहतं. तिथला पालापाचोळा, शेण कुजताना प्राणवायू संपतो. वादळ-पावसाने हे पाणी वर मिसळलं की माशांचा जीव गुदमरतो.

पाणी इतकं हिरवं होतं कशामुळे? 1973 साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मध्ये पडदा लावून दोन भाग केले. नत्र आणि कर्ब दोन्हीकडे घातले. स्फुरद मात्र एकाच बाजूला. स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली, दुसरी झाली नाही. हेच स्फुरद आपल्या खतात आहे, शेणात आहे, गावच्या सांडपाण्यात आहे. वरच्या अंगाच्या शेतातली माती वाहून आली की तिच्याबरोबर तेही तलावात उतरतं.

तेव्हा एवढं करा:

1. दर आठवड्याला कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवा. पाणी हिरवं असेल आणि कोपर बुडण्याआधीच तळहात दिसेनासा झाला, तर शेणखत, रासायनिक खत आणि माशांचं खाद्य थांबवा.

2. मासे वर येऊ लागले तर वाट बघू नका. ताजं पाणी सोडा. ते नसेल तर इंजिन लावून तलावाचंच पाणी उंचावरून परत तलावात फवारा. निदान बांबूने पाणी झोडपा. उन्हं चांगली वर येईपर्यंत हे चालू ठेवा.

3. गावची गटारं आणि गोठ्याचं पाणी तलावात सोडू नका. गुरं आणि कपडे काठापासून दूर धुवा.

4. पावसाचं चिन्ह असताना खत फेकू नका. वरच्या बांधांवर गवत राखा. माती तिथेच अडेल.

5. जलपर्णी आणि बेशरम काढून टाका, पण पाण्याखालच्या सगळ्या वनस्पती उपटू नका. त्यांच्या आडोशाने लहान मासळी वाढते.

यातलं निम्मं काम मच्छीमार संस्थेचं, तर निम्मं वरच्या शेतकऱ्याचं आणि गावाचं आहे. म्हणून पावसाळ्याआधी सगळ्यांनी एकदा पाळीवर बसावं आणि तलावात कुठून काय येतं ते स्वतः फिरून पाहावं. मासळी मेल्यावर भांडण्यापेक्षा हे केव्हाही बरं, नाही का?