मधुमेह आणि शेतीची मेहनत

मी कृषिविद्येचा अध्यापक आहे. औषध ठरविणे हे डॉक्टरांचे काम आणि ते त्यांच्याकडेच राहावे. परंतु घरी वडिलांचा मधुमेह सांभाळताना एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी अर्धा तास चाला, गोड बंद करा, हा नेहमीचा सल्ला बैठे काम करणाऱ्यांना चांगला लागू पडतो. शेतकऱ्याचे तसे नसते. तो आज दिवसभर उसाला पाणी देतो, तर उद्या कचेरीत बाकावर बसून असतो. गोळी मात्र दोन्ही दिवशी तेवढीच. घोटाळा होतो तो येथे.

कष्टाच्या वेळी स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. त्यात गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले असेल आणि पोट रिकामे असेल, तर साखर प्रमाणाबाहेर खाली येते. आमच्याकडे विजेची पाळी रात्रीची होती. वडिलांनी गोळी घेतली आणि ‘येऊन जेवतो’ म्हणून ते रानात गेले. दारे धरता धरता त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले आणि ते बांधावर बसले. शेजारच्या गड्याने हाक मारली, तर उत्तर भलतेच. थोडी घेतली असावी असे त्याला वाटले. पण वडील माळकरी, हे आठवून तो घराकडे पळाला. आईने साखरेचे पाणी पाजल्यावर काही वेळाने ते भानावर आले.

रक्तातील साखर १०० मिलिलिटरमध्ये ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की असा त्रास होऊ शकतो. रोगी शुद्धीवर असेल व त्याला गिळता येत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच द्यावी आणि नंतर भाकरी खाऊ घालावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला तडक दवाखान्यात न्यावे. इन्सुलिन व ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी हा धोका संभवतो. नुसत्या मेटफॉर्मिनने क्वचितच. आपली गोळी कोणत्या प्रकारची आहे, हे डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे. सुगी किंवा लावणीपूर्वी कामाचे स्वरूप त्यांना सांगावे. मात्रा आपल्या मनाने बदलू नये.

फवारणी करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. घाम, थरथर, भोवळ ही लक्षणे काही कीटकनाशकांच्या विषबाधेतही दिसतात. म्हणून मधुमेह आहे आणि अमुक औषध फवारत होतो, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगाव्यात. डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी.

आता आहाराविषयी. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच. तिच्यात पांढऱ्या भातापेक्षा तंतू अधिक असतात. पण भाकरीने साखर वाढत नाही, ही समजूत चुकीची आहे. पिठात मुख्यतः स्टार्चच असतो, त्यामुळे भाकऱ्या मोजूनच खाव्यात. युरिया आपण एकदम न टाकता हप्त्याने देतो, तसेच जेवणही विभागून घ्यावे. सोबत डाळ, उसळ व पालेभाजी भरपूर असावी. ‘गूळ चालतो’ असे गावोगावी ऐकू येते. गूळ साखरेसारखाच वर्ज्य समजावा. उपवासाचा साबुदाणा तर बहुतांशी निव्वळ स्टार्चच होय.

इन्सुलिन उन्हात किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. घरी फ्रीज नसल्यास मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवावे आणि बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आत ठेवावी. वाळू रोज भिजवावी. फ्रीज असला तरी बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

तपासणीच्या दिवशीच पथ्य पाळणारे अनेक आहेत. एचबीए१सी ही चाचणी मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, तेव्हा तिथे ही युक्ती चालत नाही. डोळ्यांचा पडदा व मूत्रपिंड यांची तपासणी वर्षातून एकदा करावी.

सर्वांत हेळसांड होते ती पायांची. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा मंदावतो. जखम कळत नाही आणि लवकर भरतही नाही. पुढे बोट किंवा पाय कापण्याची पाळी येते. रानात अनवाणी जाऊ नये. बूट घालण्यापूर्वी आत खडा, काटा वा विंचू नाही ना, हे झटकून पाहावे. चिखलातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. थंडीत शेकोटीजवळ पाय धरू नयेत, कारण भाजलेले समजत नाही. कुरूप ब्लेडने कापू नये.

तळवे स्वतःला नीट दिसत नाहीत. आरसा घ्यावा, नाहीतर घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे. आमच्याकडे आई रोज रात्री बॅटरी घेऊन वडिलांचे तळवे पाहते. गेल्या पावसाळ्यात टाचेत बाभळीचा काटा मोडलेला तिला दिसला. भोवतीची कातडी लाल झाली होती, म्हणजे काटा आदल्या दिवशीचा तरी असावा. वडील म्हणाले, मला काहीच लागलेले नाही. आईने सुईने उकरण्याऐवजी पाय धुतला, स्वच्छ फडके बांधले आणि सकाळच्या पहिल्या एसटीने त्यांना दवाखान्यात नेले.