मुतखडा फोडणारी लहर मांडीवर

मांड्यांवर आणि नितंबांवर दिसणाऱ्या खळग्यांसाठी, म्हणजे सेल्युलाइटसाठी, सौंदर्योपचार करणारे दवाखाने हल्ली ‘अकूस्टिक वेव्ह थेरपी’ देतात. सुई नाही, टाका नाही, भूल नाही. जेल लावायचं, यंत्राचं टोक त्वचेवर फिरवायचं आणि पाऊण तासात घरी जायचं. माहितीपत्रकात एक वाक्य हमखास असतं: हे तंत्र मुतखडा फोडण्याच्या तंत्रातून आलं आहे. ही वंशावळ खरी आहे. पण ती वाचून मनात येणारा हिशेब, म्हणजे जी लहर दगड फोडते तिला चरबी काय जड आहे, तो मात्र साफ चुकीचा आहे. ध्वनिलहरीला मूत्रपिंडात जे घवघवीत यश मिळालं ते तिथल्या लक्ष्यामुळे आणि तिथल्या मोजमापामुळे. मांडीपर्यंत येताना लहर बदलली, लक्ष्य बदललं आणि मोजपट्टीही सैल झाली. म्हणून या उपचाराचा परिणाम खोटा नसला तरी छोटा आहे, आणि तो छोटा म्हणूनच विकला गेला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. ते पटवायचं तर गोष्ट मुळापासून सांगावी लागेल. आणि खरं सांगायचं तर या विषयातला सगळ्यात रसाळ भाग तोच आहे.

ही लहर दवाखान्यात जन्मली नाही, विमानांच्या कंपनीत जन्मली. दक्षिण जर्मनीतल्या डॉर्निअर कंपनीला साठच्या दशकात छळत होता तो पाऊस. ध्वनीपेक्षा जास्त वेगाने जाणारं विमान पावसात शिरलं की थेंबांच्या आघाताने त्याच्या पृष्ठभागाची खराबी होते, आणि ती आतल्या थरांपर्यंत पोहोचते. ही खराबी समजून घेण्यासाठी अतिवेगवान गोळे धातूवर आदळवण्याचे प्रयोग चालले होते. १९६६ मध्ये अशाच एका प्रयोगात, नेमक्या आघाताच्या क्षणी, एका अभियंत्याचा हात त्या धातूला लागला आणि विजेचा झटका बसावा तसं त्याला झालं. तपासलं तर विजेचा पत्ता नव्हता. आघाताची लहर धातूतून त्याच्या हातात शिरली होती. मग जर्मन संरक्षण खात्याच्या पैशातून अशा लहरींचा सजीव ऊतींवर काय परिणाम होतो याचा अभ्यास सुरू झाला. स्नायू, चरबी यांतून लहर फारसं नुकसान न करता पार होते, पण फुप्फुसाला इजा करते, असं दिसलं. कारण फुप्फुसात हवा असते. मूत्रपिंडातले खडे या लहरींनी फुटतात का, हा प्रश्न प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विचारला गेला. तो तडीस नेला म्युनिकमधल्या एग्बर्ट श्मीट, फर्डिनांड आयझेनबर्गर आणि ख्रिस्तिआन खाउसी या डॉक्टरांनी, डॉर्निअरचे भौतिकशास्त्रज्ञ बर्न्ड फोर्समान यांच्या साथीने. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये पहिल्या माणसाचा मुतखडा शस्त्राविना फोडला गेला. डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या यंत्राला मान्यता दिली. पोट चिरण्याला पर्याय मिळायला, म्हणजे, पाच वर्षंही लागली नाहीत.

ते यंत्र जरा जवळून पाहण्यासारखं आहे. रुग्णाला एका खुर्चीवजा चौकटीत बसवून कोमट पाण्याच्या हौदात उतरवत. पाण्यातली हवा आधी काढून टाकलेली असे, कारण बुडबुडा म्हणजे लहरीच्या वाटेतली भिंत. हौदाच्या तळाशी पितळेची लंबवर्तुळाकार वाटी असे. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात आणि एकीतून निघालेली प्रत्येक लहर कडेवर आपटून दुसरीत पोहोचते, हे आपण शाळेच्या भूमितीत शिकलेलो असतो. इथे ती भूमिती कामाला लावली होती. पहिल्या नाभीपाशी दोन इलेक्ट्रोडांत सुमारे वीस हजार व्होल्टची ठिणगी पडे, तिथल्या पाण्याची क्षणात वाफ होई आणि निघालेली लहर दुसऱ्या नाभीपाशी एकवटे. दोन दिशांनी एक्स-रे घेऊन मुतखडा बरोबर त्या दुसऱ्या नाभीत आणायचा, हे डॉक्टरांचं कौशल्य. ठिणगी हृदयाच्या ठोक्याशी जुळवलेली असे, म्हणजे झटका नको त्या क्षणी बसून ठोके बिघडू नयेत.

आता खडा फुटतो तो कसा? लहरीचा दाब काही नॅनोसेकंदांत शेकडो वातावरणांइतका चढतो आणि लगेच शून्याखाली उतरून ओढ निर्माण करतो. पाणी, त्वचा, स्नायू, मूत्रपिंड यांचा लहरीला होणारा अडथळा जवळपास सारखा असतो, त्यामुळे ती त्यांच्यातून विनासायास जाते. खडा मात्र घट्ट आणि जड. त्याच्या पुढच्या कडेवर लहरीचा काही भाग परततो, उरलेला आत शिरतो आणि मागच्या कडेवरून उलटा फिरताना दाबाची ओढ होते. दगड दाब पुष्कळ सोसतो, ओढ सोसत नाही. मागून त्याचे टवके उडतात. शिवाय सभोवारच्या द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि पृष्ठभाग कुरतडतात. थोडक्यात, खडा फुटतो कारण तो कडक आहे, ठिसूळ आहे आणि त्याला कडा आहे. पुढचा मुद्दा सगळा या एका वाक्यावर उभा आहे.

मूत्रपिंडातून ही लहर हाडांकडे गेली. खड्यावर मारलेल्या लहरींच्या वाटेतल्या हाडात बदल दिसले, त्यावरून कुतूहल जागं झालं. १९९१ मध्ये बल्गेरियातल्या वाल्चानोव आणि मिखाइलोव यांनी न जुळणाऱ्या हाडांवर या लहरींचा उपयोग झाल्याचं प्रसिद्ध केलं. २००० मध्ये चिवट टाचदुखीसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. आज पुण्या-मुंबईतल्या फिजिओथेरपिस्टांकडे ‘शॉकवेव्ह’ घ्यायला जाणारे बहुतेक लोक टाचेसाठी किंवा खांद्यासाठीच जातात. मात्र त्यांच्या नशिबी सहसा म्युनिकची लहर येत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एक स्वस्त आणि सुटसुटीत जात बाजारात आली. तिच्या हातात धरायच्या मुठीत एक बारीक नळी असते, नळीत धातूची छोटी गोळी. दाबलेल्या हवेने ती गोळी सुसाट पुढे ढकलली जाते आणि टोकावरच्या धातूच्या बटणावर आदळते. बटण त्वचेला टेकलेलं असतं. सेकंदाला दहा-पंधरा वेळा टकटकटक. एका बैठकीत असे हजारो ठोके. इथे नाभी नाही, एकवटणं नाही. जोर सगळ्यात जास्त त्वचेपाशी आणि आत जाल तसा पसरत कमी कमी होणारा. रॉबिन क्लीव्हलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा यंत्राची लहर मोजली तेव्हा तिच्यात खऱ्या आघातलहरीची लक्षणं सापडली नाहीत: दाब नॅनोसेकंदांत नव्हे तर मायक्रोसेकंदांत चढत होता, म्हणजे कित्येक पट सावकाश. सेल्युलाइटसाठी वापरली जाणारी पुष्कळशी यंत्रं याच जातीची आहेत. ती कुचकामी आहेत असं यातून सिद्ध होत नाही. पण मुतखड्याची पुण्याई त्यांच्या खात्यावर जमा करता येत नाही, एवढं नक्की सिद्ध होतं.

सेल्युलाइटची ओळख थोडक्यात करून देतो, कारण ती एका उपमेत होते. कापसाच्या गादीला टाके घालतात तिथे खळगा पडतो आणि दोन टाक्यांमधला कापूस वर येतो. त्वचेखालच्या चरबीतून असेच कोलॅजेनचे पडदे त्वचेला खाली बांधून ठेवतात. न्यूर्नबेर्गर आणि म्युलर या जर्मन संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवलं की स्त्रियांत हे पडदे साधारण उभे असतात, तर पुरुषांत तिरके आणि एकमेकांना छेदणारे. म्हणून चरबी वर डोकावते ती मुख्यतः स्त्रियांत. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकात त्यांनी सेल्युलाइटला ‘मनाने रचलेला आजार’ म्हटलं होतं. वयात आलेल्या ८० ते ९० टक्के स्त्रियांत तो कमी-अधिक असतो. २००९ मध्ये ब्राझीलच्या डोरिस हेक्सेल यांच्या गटाने एमआरआय काढले, तेव्हा तपासलेल्या खळग्यांपैकी ९६.७ टक्के ठिकाणी खाली पडदा सापडला. म्हणजे दोष कापसाचा कमी, टाक्यांचा जास्त.

आता लहर आणि लक्ष्य शेजारी ठेवून पाहा. चरबीचा लहरीला होणारा अडथळा पाण्याच्या जवळचा. तिला ठिसूळपणा नाही, टणक कडा नाही. तिथे फुटण्यासारखं काही नाही. आणि पडदा? तो चिवट असतो, ताणला तर ताणतो. या ठोक्यांनी तो तुटत असल्याचा भक्कम पुरावा नाही. तो तोडायचा तर निराळे मार्ग आहेत: त्वचेखाली बारीक पातं घालून कापणं, किंवा कोलॅजेन विरघळवणारं इंजेक्शन. अशा इंजेक्शनला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली, आणि काळेनिळे डाग व त्वचेचा दीर्घकाळ टिकणारा रंगबदल या तक्रारींपायी २०२२ च्या अखेरीस कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं. पडद्याला हात घालण्याची किंमत असते ती अशी. २०२१ मध्ये तिथेच मान्यता मिळालेलं, अतिजलद ध्वनिस्पंद सोडणारं एक यंत्र पडद्यांवर नेम धरतं खरं, पण ते या टकटक यंत्रांच्या कुळातलं नव्हे. टकटक यंत्रांच्या वाट्याला उरते ती जीवशास्त्रीय वाट: ताण आणि दाब जाणवला की पेशी प्रतिसाद देतात, रक्ताभिसरण वाढतं, नवं कोलॅजेन तयार होऊन त्वचा थोडी घट्ट होते, असं मानलं जातं. ते शक्य आहे, तर्कशुद्धही आहे. पण त्वचा घट्ट झाली तर खळगा उथळ दिसेल. टाका काही सुटणार नाही.

यावर सरळ आक्षेप येतो: यंत्रणा काहीही असो, चाचण्यांत फरक दिसला आहे की नाही? दिसला आहे, आणि तो झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. सगळ्यात नेटकी चाचणी जर्मनीतल्या कार्स्टेन क्नोब्लोख यांच्या गटाची, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली. ५३ स्त्रिया, सगळ्यांना नितंबांचे व्यायाम, एका गटाला एकवटलेल्या लहरी, दुसऱ्याला लटका उपचार. १५ पैकी गुण देणाऱ्या मोजपट्टीवर पहिला गट बारा आठवड्यांत सरासरी १०.९ वरून ८.३ वर आला, दुसरा १०.० वरून १०.१ वर, म्हणजे जागच्या जागीच. फरक खरा आहे. पण वाचताना दोन गोष्टी निसटू नयेत. लहर एकवटलेली होती. टकटक यंत्राला हे प्रमाणपत्र आपोआप लागू होत नाही. आणि सुधारणा अडीच गुणांची आहे. उपचारानंतरही सरासरी बाई मोजपट्टीच्या मध्याच्या वरच आहे. टकटक यंत्रांच्या चाचण्याही आहेत, त्यांतही सुधारणा दिसते, काहींत एका मांडीवर उपचार करून दुसरी तुलनेला ठेवली होती. पण २०१५ पर्यंतच्या सगळ्या चाचण्या गोळा केल्या तेव्हा त्या ११ भरल्या आणि त्यांतल्या स्त्रिया मिळून सुमारे ३००.

इथेच मोजपट्टीचा प्रश्न येतो. खडा फुटला की नाही, हे एक्स-रे सांगतो. डॉक्टरांच्या उत्साहाने त्यात फरक पडत नाही. सेल्युलाइट मोजायचा तो फोटोवरून, आणि खळगा म्हणजे मुळात सावली. दिवा डोक्यावर असला तर मांडी खड्ड्यांनी भरलेली दिसते. तोच समोर आणला की तीच मांडी त्याच मिनिटाला सपाट. उभं राहण्याची ढब बदलली, स्नायू आवळला, कॅमेऱ्याचं अंतर बदललं, की ‘आधी’ आणि ‘नंतर’ तयार. हेक्सेल यांची मोजपट्टी खळग्यांची संख्या, खोली, त्वचेचा सैलपणा अशा पाच गोष्टींना वेगवेगळे गुण देते, ती याच गोंधळाला आवर घालण्यासाठी. दवाखान्याच्या भिंतीवरच्या फोटोंना असा आवर नसतो. त्यात लटका उपचारही अवघड, कारण हजारो ठोके अंगावर घेतलेल्या बाईला ते पडले की नाही हे कळतंच.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: सेल्युलाइट आजार नाही म्हणता, मग त्याचा उपचार करून घेणारीला एवढे प्रश्न कशाला? तिचं शरीर, तिचे पैसे. मान्य. १९६८ मध्ये एका अमेरिकी फॅशन मासिकाने ही चिंता इंग्रजीभाषक वाचकांच्या घरात नेली नसती तर ती आज इतकी पसरली असती का, हा वाद घालून मांडीवरचा खळगा बुजत नाही, आणि दिसण्याची इच्छा ही काही गुन्हा नव्हे. पण हा आजार नाही म्हणूनच दाव्याचा आकार महत्त्वाचा ठरतो. आजारात बरं होणं हा शेवट असतो. इथे शरीराची रचनाच तशी असल्यामुळे शेवट नाही. सहा-आठ बैठका, मग परिणाम टिकवण्यासाठी आणखी बैठका. या जातीच्या यंत्रांना अमेरिकेत मान्यता मिळते तीही सहसा सेल्युलाइटचं दिसणं ‘तात्पुरतं’ कमी करण्यापुरती. उपचार निरुपद्रवी आहे, हे बहुतांशी खरं. लाली, क्वचित काळेनिळे डाग, थोडी दुखरी त्वचा. गर्भारपण, रक्त पातळ करणारी औषधं, पायाच्या शिरेत गुठळी किंवा त्या जागी गाठ असेल तर तो घेऊ नये. पण निरुपद्रवी असणं हे उपयोगी असण्याचं प्रमाणपत्र नाही, आणि पॅकेजची रक्कम मात्र खरी असते.

म्हणून जिला हा उपचार घ्यावासा वाटतो तिने खुशाल घ्यावा, पण आधी तीन गोष्टी विचाराव्यात. यंत्र एकवटलेल्या लहरींचं आहे की गोळीच्या ठोक्यांचं? ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो एकाच दिव्याखाली, एकाच अंतरावरून, एकाच पवित्र्यात घेतले जातील का? आणि शेवटच्या बैठकीनंतर सहा महिन्यांनी फोटो घेणार का? ‘चरबी फुटते’ असं उत्तर मिळालं तर तिथून उठावं. यंत्र बनवणाऱ्यांनीही आता मुतखड्याची कुळकथा सांगणं थांबवून एक साधी चाचणी करावी: एका मांडीवर उपचार, दुसरी तशीच, गुण देणाऱ्याला कुठली कुठली ते माहीत नाही, आणि पाठपुरावा वर्षभर. तिचा निकाल येईपर्यंत ग्राहकाने काही महिन्यांच्या, थोड्याशा उजव्या दिसण्याचेच पैसे मोजावेत, त्याहून जास्त नाही.