सेकंडहँड स्पोर्ट क्वॉड घ्यावी का?

जुनी स्पोर्ट क्वॉड, म्हणजे खेळासाठीची चार चाकांची एटीव्ही, घेताना तिच्या सालापेक्षा आधीच्या मालकाच्या सवयी जास्त तपासाव्या लागतात. 2008 सालची, पण एअर फिल्टर नेमाने धुतलेली गाडी 2018 सालच्या हयगय झालेल्या गाडीपेक्षा मी केव्हाही पसंत करीन. अमेरिकेतल्या जाहिरातींत साल ठळक लिहिलेलं असतं, फिल्टरबद्दल मात्र अवाक्षर नसतं. त्यात बऱ्याच स्पोर्ट क्वॉडवर मैल मोजणारा काटाच नसतो. गाडी किती आणि कशी चालली, हे तिच्या अंगावरूनच ओळखावं लागतं.

कोकणच्या किनाऱ्यावर किंवा लोणावळ्याला भाड्याने फिरवतात त्या एटीव्ही बहुतेक साध्या, ऑटोमॅटिक असतात. स्पोर्ट क्वॉडची जात वेगळी. एकाच माणसाची बैठक, हाताचा क्लच, पायाचे गिअर, उजव्या अंगठ्याने दाबायचा अ‍ॅक्सिलरेटर. ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते, तीही चेनने. मागचा अ‍ॅक्सल अखंड असल्यामुळे दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. म्हणून वळताना चालवणाऱ्याला अंग आतल्या बाजूला झोकून द्यावं लागतं, नाहीतर गाडी सरळच जाऊ पाहते. शेतावर सामान वाहायचं असेल, मागे कुणाला बसवायचं असेल, तर ही गाडी तुमच्यासाठी नाही, आणि हे पैसे देण्याआधी स्वतःला स्पष्ट सांगितलेलं बरं.

पुढचा प्रश्न, चालवणार कुठे? कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल ड्यून्ससारख्या वाळूच्या टेकड्या चढायच्या असतील तर यामाहाची रॅप्टर 700 चांगली. ती 2006 साली आली. 686 सीसीचं एकच सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन आणि मुख्य म्हणजे रिव्हर्स गिअर. त्याच कंपनीची वायएफझेड 450 ही शर्यतीच्या ट्रॅकची गाडी. 2004 च्या पहिल्या गाडीला कार्बोरेटर होता, 2009 च्या 450 आरला फ्युएल इंजेक्शन आलं, पण रिव्हर्स तिलाही नाही. वाळूत अडकलात की उतरून ओढायची. नवख्या माणसाला मी होंडाची टीआरएक्स 400 ईएक्स सुचवीन. 1999 साली आलेली ही हवेवर थंड होणारी 397 सीसीची गाडी वेगात मागे पडते, पण तिचं इंजिन साधं आणि सोशिक आहे. यामाहाच्याच टू-स्ट्रोक बॅन्शीच्या आवाजाच्या प्रेमात अनेक जण पडतात. अमेरिकेत तिची विक्री 2006 नंतर थांबली, त्यामुळे आज दिसणारी बहुतेक इंजिनं पुन्हा पुन्हा बांधलेली असतात. पहिली गाडी म्हणून ती घेऊ नये. होंडा, सुझुकी आणि कावासाकीच्या 450 सीसीच्या क्वॉडही आता नव्या निघत नाहीत. बेअरिंग, पिस्टन मिळतात. इलेक्ट्रॉनिक भाग शोधावे लागतात.

गाडी बघायला जाण्याआधी विक्रेत्याला सांगावं की इंजिन चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर आधी इंजिनाला हात लावून बघा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं असण्याची शक्यता धरा, कारण खरी परीक्षा गार इंजिन सुरू करण्यातच होते.

मग सीट काढून एअर बॉक्स उघडायचा. इथे घाई करू नका. फिल्टर स्पंजचा असतो आणि त्याला तेल लावलेलं असावं लागतं. धूळ त्या तेलाला चिकटते. फिल्टर मळलेला असणं हा दोष नाही. तो काढून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आतून पांढरं फडकं फिरवा. त्यावर बारीक माती आली, तर ती सिलिंडरमध्येही गेलेली आहे. तिथे ती पॉलिश पेपरसारखं काम करते. पिस्टनच्या रिंगा झिजतात, व्हॉल्व्ह आणि त्यांची बैठक झिजते. 450 वर्गातल्या काही इंजिनांत टायटॅनियमचे हलके व्हॉल्व्ह असतात. त्यांच्यावरचा कठीण थर एकदा गेला की झीज झपाट्याने वाढते, व्हॉल्व्हची फट कमी होत जाते आणि गार इंजिन सुरू व्हायला कुरकुर करतं. गार इंजिनाच्या परीक्षेचा आग्रह यासाठीच धरायचा.

शंका असेल तर लीक-डाऊन चाचणी करून घ्यावी. नुसतं कॉम्प्रेशन मोजणं इथे फसवू शकतं, कारण स्टार्टरला सोपं जावं म्हणून अनेक इंजिनं सुरू होताना थोडा दाब मुद्दाम सोडतात. लीक-डाऊनमध्ये पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा आत सोडतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर बॉक्सकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल टाकायच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. इंजिन न उघडता इतकं सांगणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही. विक्रेत्याने तिला नकार दिला, तर इंजिन उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरलं आहे.

आता गाडीखाली वाका. पुढचे ए-आर्म चासीला जिथे जोडलेले असतात तिथला आणि पायाच्या खुंट्यांजवळचा चिखल पुसून बारीक तडे शोधा. उंच उड्यांचा मार याच जागा खातात. एवढ्याच भागावर ताजा रंग असेल तर खाली वेल्डिंग आहे असं समजून बघा. पुढचा भाग जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवलं की बॉल जॉइंट आणि बेअरिंगचा प्ले कळतो, डावी-उजवीकडे हलवलं की टाय रॉडचा. मागची चाकं उचलून हळू फिरवा. अ‍ॅक्सल वाकलेला असेल तर चाक लटपटताना दिसतं. चेनच्या स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वळले असतील तर चेनसकट सगळं बदलावं लागेल, पण तो खर्च किरकोळ आहे. चासीचा तडा किरकोळ नाही.

चालवून बघताना वरच्या गिअरमध्ये एकदम अ‍ॅक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच स्लिप होतोय. जोर दिल्यावर दुसरा गिअर निसटला, तर गिअरबॉक्स उघडावा लागणार. असा सौदा मी सोडून देतो.

कागदपत्रांत टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, विक्रेत्याच्याच नावावर आहे ना आणि त्यावरचा 17 अक्षरांचा नंबर चासीवरच्या नंबराशी जुळतो ना, ते पाहा. नंबर घासलेला असेल तर किंमत कितीही कमी असो, तिथून निघा.

ही गाडी सुमारे 185 ते 190 किलोची असते. उलटली तर ती चालवणाऱ्यावर येते. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती मोठ्यांची क्वॉड देऊ नये, असं अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग बजावतो. मुलगा उंचापुरा आहे, ही सबब इथे चालत नाही. हेल्मेट, गॉगल, घोट्यावर येणारे बूट आणि प्रशिक्षणाचा खर्च गाडीच्या किमतीतच धरा. एवढ्याला पैसे उरत नसतील तर ती गाडी आपल्याला परवडत नाही.

सौदा झाल्यावर लगेच वाळूकडे धावू नका. आधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, एअर फिल्टर धुऊन तेल लावून बसवा, व्हॉल्व्हची फट मोजून तारखेसह वहीत लिहा आणि मागच्या अ‍ॅक्सलचे नट टॉर्क रेंचने आवळा.