सुऱ्याचे चित्रपट आणि त्यांचे रसिक

वसंतातल्या व्याख्यानांत संतवाङ्मय, इतिहास, शेती, अर्थकारण हे विषय शोभतात. त्यांच्या पंक्तीला मुखवटा घातलेला आणि हातात सुरा घेतलेला खुनी आणून बसवणे काहींना औचित्यभंग वाटेल. तथापि जे श्रोते येथे येतात, त्यांच्याच घरातली सोळा-अठरा वर्षांची मुले रात्री दिवा मालवून असले चित्रपट पाहत असतात, आणि वडीलधारी माणसे दाराशी क्षणभर थांबून 'ह्यात ह्यांना गोडी ती कसली?' असे मनाशी म्हणत पुढे जातात. प्रश्न घराघरांतला आहे, म्हणूनच तो चारचौघांत विचारण्याजोगा आहे. ही रक्ताची गोडी आहे, की आणखी कशाची, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

प्रथम ही जात ओळखून घेऊ. सपासप वार करणारा तो 'स्लॅशर'. ह्या चित्रपटांची मांडणी ठरलेली असते. चार तरुण मंडळी एखाद्या एकाकी जागी जमतात. कोणी एक खुनी, बहुधा चेहरा झाकलेला, त्यांना एकेक करून गाठतो. आणि अखेरीस एकटी उरलेली मुलगी त्याच्याशी झुंज देते. हिचकॉकच्या १९६० सालच्या 'सायको'ने ह्या जातीचे बीज पेरले. १९७४ चा 'टेक्सस चेन सॉ मॅसॅकर' आणि १९७८ चा जॉन कार्पेंटरचा 'हॅलोविन' ह्यांनी तिला रूप दिले. पुढे १९८० पासून 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या रूपाने तिचा अक्षरशः कारखाना निघाला.

हे सारे परदेशी खूळ आहे, असे म्हणून हात झटकण्याची सोय मात्र कोल्हापूरकरांना नाही. बाबूराव पेंटरांनी १९२० साली कोल्हापुरात 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यातला भीमाने केलेला कीचकाचा वध इतका हुबेहूब उतरला होता, की प्रेक्षागृहात किंकाळ्या उठल्या आणि काहींना घेरी आली, असे सांगतात. शेवटी नियामकांनी ते दृश्य काढावयास लावले. त्याच कथेवरचे खाडिलकरांचे 'कीचकवध' नाटक सरकारने १९१० साली बंद केले होते, ते त्यातल्या राजकीय सूचकतेमुळे. चित्रपटातला वध मात्र अंगावर आला तो त्याच्या जिवंतपणामुळे. म्हणजे हिंसेचे दृश्य पाहून किंकाळी फोडणारा आणि तरीही ते पाहण्यासाठी तिकीट काढणारा प्रेक्षक आमच्या जिल्ह्याला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होता.

मग ह्या चित्रपटांच्या चाहत्यांना नेमके आवडते तरी काय? पुष्कळांची समजूत अशी, की रक्त जितके अधिक, तितका चाहता खूष. वस्तुस्थिती निराळी आहे. चेन सॉचा तो चित्रपट घ्या. नावावरून रक्ताचे पाट अपेक्षावेत. पण पडद्यावर प्रत्यक्ष रक्त फारच थोडे दिसते. 'हॅलोविन'मध्येही तेच. ह्या दोहोंनाच चाहते आपल्या दैवतांत गणतात. कारण त्यांना खरी गोडी असते ती घटनेआधीच्या वाट पाहण्याची. गगनबावड्याच्या माणसाला हे वेगळे समजावून देण्याची गरज नाही. पावसाळ्यात करूळच्या किंवा भुईबावड्याच्या घाटात धुके उतरले, म्हणजे दिवे लावूनही गाडीच्या चालकाला पुढचे वळण दिसत नाही. दरी आहे हे ठाऊक असते. ती कोठे सुरू होते ते दिसत नाही. छातीत जे धडधडते ते ह्या दोहोंमधल्या जागेत. उत्तम भयपट प्रेक्षकाला नेमका त्याच जागेत बसवून ठेवतो. विशाल फुरिया ह्यांच्या 'लपाछपी'त, २०१७ साली, हेच काम उसाच्या फडाने केले. तो चित्रपट सुऱ्याचा नव्हे, भुताचा आहे. पण डोक्याहून उंच उसात वाट चुकणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या पडद्याची भीती कोणी भाषांतर करून सांगावी लागत नाही.

दुसरी आवडीची गोष्ट म्हणजे ती अखेरची मुलगी. कॅरल क्लोव्हर ह्या अमेरिकन अभ्यासक स्त्रीने १९८७ सालच्या एका निबंधात तिला 'फायनल गर्ल' हे नाव दिले, आणि ते पुढे रूढ झाले. क्लोव्हर ह्यांचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. प्रारंभी कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांनी पाहतो, आणि त्यामुळे प्रेक्षकही जणू सुरा धरणाऱ्याच्या बाजूला उभा असतो. परंतु चित्रपट पुढे सरकतो तसा तो त्या मुलीच्या बाजूला येतो आणि तिच्याच डोळ्यांनी अंधाराकडे पाहू लागतो. असे करणारा प्रेक्षक बहुतांशी तरुण मुलगा असतो, हे विशेष.

आमच्या साहित्यशास्त्राला ह्यात नवल वाटणार नाही. भरताने भयानक हा रस आणि भय हा त्याचा स्थायी भाव सांगितला, तर जुगुप्सा हा बीभत्साचा. ह्या दोहोंत त्याने गल्लत केली नाही. ती आज पडद्यावर होते. अभिनवगुप्ताने भयानकाचे उदाहरण दिले ते शाकुंतलाच्या पहिल्या अंकातल्या हरिणाचे. मागून रथ येत आहे, बाण सुटण्याच्या बेतात आहे, आणि धावता धावता ते मान वळवून मागे पाहते. तेथे रक्ताचा थेंबही सांडलेला नाही. ते पाहणाऱ्याची भीती 'माझी' नसते आणि 'परक्याची'ही नसते. म्हणून तो पळून जात नाही, तिचा आस्वाद घेतो. मागे वळून पाहत धावणारी पडद्यावरची ती मुलगी आणि हे हरिण ह्यांच्यात आम्हांला फारसे अंतर दिसत नाही.

तिसरी गोष्ट हास्याची. हे चित्रपट चाहते बहुधा टोळक्याने पाहतात. किंचाळतात आणि लगेच एकमेकांकडे पाहून हसतात. घाट उतरून सिंधुदुर्गात गेले, की दशावतारातला संकासुर हेच करताना दिसतो. काळा वेष आणि लोंबती लाल जीभ पाहून पोरे आईच्या कुशीत शिरतात, आणि त्याच्या बोलण्याने तीच पोरे खदखदतात. महेश कोठारे ह्यांच्या १९९३ सालच्या 'झपाटलेला'त तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरला. कल्पना 'चाइल्ड्स प्ले' ह्या १९८८ सालच्या अमेरिकन चित्रपटाची. पण दिलीप प्रभावळकर, लक्ष्मीकांत बेर्डे आणि बाहुल्याचे कसबी रामदास पाध्ये ह्यांनी ती अस्सल मराठी केली. त्या बाहुल्याला भिऊन रात्री पांघरुणात तोंड लपवणारी मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत, आणि त्याचे नाव निघताच हसतात. भीतीवर एकदा हसता आले, की ती धन्यासारखी न राहता ओळखीची होते.

आता नावडीकडे वळू, कारण रसिकाची पारख आवडीपेक्षा नावडीतून अधिक होते. चाहत्यांना सर्वांत चीड येते ती फसवणुकीची. दाराआडून मांजर उडी मारते, वाद्ये कर्कश ओरडतात, आणि पुढे काहीच नसते. हा दचका त्यांना चोरीचा वाटतो. दुसरी चीड मूर्ख पात्रांची. खुनी जमिनीवर पडला असता त्याचा सुरा त्याच्याजवळच टाकून पाठ फिरवणारी नायिका पाहून प्रेक्षागृहात शिव्या उठतात. भीती तेथेच मरते. १९९६ च्या 'स्क्रीम'ने ह्याच खोडीवर बोट ठेवले. त्यातली पात्रे असले चित्रपट पाहिलेली असतात आणि त्यांचे नियम घडाघडा बोलून दाखवतात. तिसरी चीड लांबणीची. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या चौथ्या भागाला १९८४ साली 'अखेरचा अध्याय' असे नाव दिले, आणि दुसऱ्याच वर्षी पाचवा भाग आला. त्यात खुनी भलताच निघाला, ह्याचा राग जुने चाहते अजून काढतात. शेवटची नावड महत्त्वाची. मरणारी पात्रे जेव्हा केवळ मोजदादीपुरती आणलेली असतात, त्यांना ना नाव ना स्वभाव, तेव्हा मुरलेला चाहता कंटाळतो. ज्याच्या जगण्याशी आपला संबंध जडला नाही, त्याच्या मरणाची भीती कशी वाटावी?

येथेच खरा आक्षेपही उभा राहतो. ह्या जातीतल्या कित्येक चित्रपटांत मोकळेपणाने वागणारी मुलगी आधी मारली जाते, तिचे मरण रेंगाळत दाखवले जाते, आणि ते पाहणे हीच करमणूक ठरते. रॉजर एबर्ट ह्या अमेरिकन समीक्षकाने आपल्या सहकाऱ्यासह १९८० साली दूरचित्रवाणीवर ह्या प्रवृत्तीचा निषेध केला. परंतु त्याच एबर्टने 'हॅलोविन'ची मनापासून वाखाणणी केली होती. ही विसंगती नव्हे. हाच विवेक होय. एक चित्रपट आपल्याला पळणाऱ्याबरोबर पळवतो. दुसरा मारणाऱ्याबरोबर मजा घ्यावयास बसवतो. सुरा दोहींकडे असतो, पण पाहणाऱ्याचे मन दोहींकडे सारखे राहत नाही. दुसऱ्या जातीचे समर्थन आम्ही करणार नाही. आणि तीवर सरसकट बंदी घालून पहिलीही बुडवावी, असेही आम्हांस वाटत नाही.

म्हणून दाराशी थांबणाऱ्या वडीलधाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. मूल लहान असेल, तर दिवा लावावा आणि चित्रपट बंद करावा. त्यात चर्चेला जागा नाही. मूल जाणते असेल, तर 'हे काय पाहतोस?' असे दरडावण्यापेक्षा शेजारी बसावे आणि चित्रपट संपल्यावर विचारावे, 'तुला कोण वाचावेसे वाटत होते?' उत्तरात त्या मुलीचे नाव आले, तर घाबरण्याचे कारण नाही; तुमच्या मुलाने दोन तास दुसऱ्याच्या जिवाची काळजी वाहिली आहे. कोणाचेच नाव आले नाही, नुसता मेलेल्यांचा आकडा आला, तर मात्र बोलणे तेथूनच सुरू करावे.