नाताळची सुट्टी आणि तापीची वाफ

नाताळची सुट्टी लागली की नवापूरकडचा रूममेट सणाला घरी पळतो, आणि मी प्रकाशाला, तापीवरची वाफ बघायला! पहाटे केदारेश्वराच्या घाटावरून सगळी नदी उकळल्यासारखी दिसते. आजी म्हणायची, "तापीमाय चूल पेटवते."

मी (थर्मोत एटीकेटी असूनही) समजावलं, "हवा लवकर गार होते, पाणी हळू. पाण्यालगतची उबदार, दमट हवा वरच्या गार हवेत मिसळते आणि बाष्पाचे थेंब होतात. खरी वाफ दिसतच नाही, दिसतात ते थेंब."

"म्हणजे पाणी ऊबदारच ना? मग मी वेगळं काय म्हणते?"

यंदा गुडघ्यांमुळे तिला घाट उतरवत नाही. भरताचं वांगं भाजताना विचारते, "आज किती होती रे?" तापमानाचे आकडे तिला नको असतात. "पलीकडचा काठ दिसत नव्हता," म्हटलं की ताटात आणखी एक भाकरी पडते.